गच्चीची किल्ली कुणाकडे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलुंड पूर्वेहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ६४. चिपळूणजवळच्या गावातलं घर बंद करून तीन वर्षांपूर्वी त्या मुलाकडे राहायला आल्या. सात मजल्यांची जुनी इमारत, ४८ घरं, वर लांबरुंद गच्ची आणि तिला बारा महिने कुलूप. चार-पाच घरांनी मिळून तिथे भाजी लावावी, घरोघरच्या ओल्या कचऱ्याचं खत तिथेच करावं, असं त्यांच्या मनात आहे. सुरुवात म्हणून त्यांनी गच्चीच्या जिन्यात पाच बादल्यांमध्ये अळू, मिरची आणि पुदिना लावला. एका सकाळी त्या बादल्या गेटजवळ कचऱ्याच्या डब्याशेजारी दिसल्या, अळूची पानं मोडलेली. कुणी नेल्या ते कळलं नाही. सेक्रेटरी म्हणतात, "गच्चीला हात लावायचा नाही." सातव्या मजल्यावरच्या वहिनींचा विरोध सर्वांत मोठा. काहींना डासांची भीती. मुलगा म्हणतो, "आई, खाली वीस रुपयांत जुडी मिळते, कशाला हा उपद्व्याप?" सून मनाने त्यांच्या बाजूची, पण बोलत नाही. ताई विचारतात, "सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करू, की गप्प बसू? आणि खरं सांगा, याचा काही उपयोग आहे की हे माझं वेड आहे?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात विरोधाबद्दल दोन पानं आहेत आणि मोडलेल्या अळूबद्दल तीन ओळी. मला त्या तीन ओळी लागल्या. गावाकडे न्हाणीच्या पाण्यावर अळू आपला आपण माजतो, त्याला कुणी विचारतही नाही. तोच अळू बादलीत रोज पाणी घालून जगवायचा आणि सकाळी उठून तो कचऱ्याच्या डब्याशेजारी बघायचा, याचं वाईट वाटणारच. ज्यांनी हे केलं त्यांनी आधी तुमच्या दारावरची बेल वाजवायला हवी होती.

पण तक्रार करू नका. कारण अगदी व्यवहाराचं आहे. गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा. तिचा वापर ठरवते सर्वसाधारण सभा. एकटे सेक्रेटरी नाहीत, आणि आपण पाच घरंही नाहीत. उपनिबंधक फार तर सोसायटीला कायद्याप्रमाणे वागा असं सांगतील, 'बाग करू द्या' असा हुकूम काही काढणार नाहीत. शिवाय पत्रावरून दिसतं की घर मुलाच्या नावावर आहे. म्हणजे सभेत विषय मांडायचा आणि मत द्यायचा हक्क त्याचा. तेव्हा पहिल्यांदा समजूत घालायची ती तुमच्याच घरात. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी सातव्या मजल्यावर जाऊ या.

वहिनींना हिरवळीचा राग आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. पत्रात मात्र तुम्हीच ओझरतं लिहिलंय की त्यांच्या छताला दोन पावसाळे ओल येते. गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याची दुरुस्ती उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सोसायटीने करायची असते, हे खरं. पण वर्गणी गोळा होऊन कंत्राटदार येईपर्यंत टोप त्यांच्याच पलंगावर मांडलेले असतात. त्या बाईंच्या डोक्यावर तुम्ही आता माती आणि पाणी न्यायचं म्हणता. मी त्यांच्या जागी असते तर मीही भांडले असते.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत आम्ही आठ जणांनी गच्चीच्या कठड्याला लागून विटांचा वाफा बांधला आणि गोण्या-गोण्यांनी लाल माती वर चढवली. पहिल्या वर्षी वांगी अशी लागली की घरोघरी भरीत झालं. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या घरातल्या आजोबांच्या खोलीत भिंत काळी पडली, मग पोपडे, मग थेंब. वाफा फोडल्यावर दिसलं, वांग्याची मुळं कोब्याच्या भेगेत शिरली होती. तीच माती गोण्यांत भरून पुन्हा सात मजले उतरवली. आजोबा वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत आणि त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

त्यानंतर एका इंजिनिअरने आम्हाला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीवर भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा वापराचा भार धरलेला असतो. एक चौरस मीटर जागेवर फूटभर उंच ओली माती घातली की वजन ५०० किलोच्या वर जातं. बांधकाम करताना ज्याचा विचारच झालेला नाही असा बोजा आपण हौसेने वर नेतो. तुमची इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल, तर मुंबईत तिचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घ्यावंच लागतं. ते ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला विचारा, कुठे किती वजन चालेल. सोसायटी त्याला पैसे देणारच आहे, एक प्रश्न जास्त विचारायचा.

मग मातीशिवाय भाजी कशी होणार? होते, आणि मुंबईनेच ती करून दाखवली आहे. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं भरून गच्चीवर भाज्या-फळं घ्यायची पद्धत बसवली. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार'मधून तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून घरच्या परसबागेपर्यंत हजारो लोकांना पालापाचोळ्यापासून सकस माती करायला शिकवलं. या दोघांच्या कामातून शिकत मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास बाग उभी केली. त्या तेव्हा तिथल्या खानपान विभागाच्या अधिकारी होत्या. रोज शेकड्यांनी माणसं जेवतात अशा स्वयंपाकघरातून भाज्यांची देठं-सालं किती निघत असतील, कल्पना करा. तो कचरा फेकायचा कुठे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि बाग हे त्याचं उत्तर. पुढे त्यांनी शहरातल्या इतरांनाही हे शिकवलं. तुमच्याकडेही सुरुवात कचऱ्यापासून झाली तर विरोध निम्मा होईल, असं मला वाटतं. बाग ही कुणाची तरी हौस असते, कचरा मात्र ४८ही घरांचा असतो. आणि कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणं म्हणजे काय, हे मुलुंडकरांना मी सांगायला नको. २०१८ साली ते डम्पिंग बंद होईपर्यंत संध्याकाळी खिडक्या लावून बसलेली माणसं तुमच्याच इमारतीत असतील.

खत कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक बागा इथेच फसतात. बाजारात भाजी येते ती जाळीची प्लास्टिक क्रेट घ्या. तळाला नारळाच्या शेंड्या दाबून बसवा. त्यावर घरचा ओला कचरा बारीक चिरून: कोथिंबिरीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा. चार माणसांच्या घरातून रोज अर्धा-पाऊण किलो निघतो. त्यावर आंबट ताकाचा हबका किंवा मूठभर जुनं खत. आणि वर सुका पाला, ओल्या कचऱ्याच्या दुप्पट. हे 'दुप्पट' विसरलं की वास सुटतो, चिलटं होतात आणि सेक्रेटरींचं म्हणणं खरं ठरतं. सोसायटीच्या आवारात झाडून गोळा केलेला पाला आजवर गाडीत जायचा, तो आता गोण्यांत साठवून ठेवा. चार-पाच दिवसांनी आत हात घातलात तर ऊब लागेल, नुकत्याच सोडलेल्या अंथरुणात लागते तशी. ती लागली की समजायचं काम सुरू झालं. ओल किती हवी? मूठभर घेऊन दाबा. बोटांना ओलावा जाणवावा, पण थेंब गळता कामा नये. दीड-दोन महिन्यांनी सालं ओळखू येईनाशी होतात आणि पहिल्या पावसासारखा वास येतो.

एक मात्र पाळा. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची आपली कोकणातली सवय, तो तरारतोही. पण सामाईक गच्चीवर ते नको. कावळे, मांजरं, उंदीर येतील आणि ज्यांच्याकडे मासे शिजत नाहीत त्यांना आयतं कारण मिळेल. शिळं, तेलकट अन्नही नको.

झाडं लावायचीही अशाच क्रेटमध्ये किंवा जुन्या गोण्यांत. खाली शेंड्या, मध्ये सुकवलेली चिपाडं आणि पाला, वरच्या चार-पाच बोटांत खत आणि थोडी माती. चिपाडं कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडे फुकट मिळतात, पण उन्हात चांगली वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांची रांग लागते. असं भरलेलं क्रेट ओलं असतानाही दोघांना उचलता येतं. ते विटांवर ठेवायचं, कोब्यावर टेकवायचं नाही. खालून पाणी वाहून जावं आणि वाकून पाहिलं की जमीन दिसावी. मध्ये चालायला वाट, टाकीकडे जायला वाट, पन्हळीच्या तोंडाला जाळी. कठड्यावर एकही कुंडी नको, वादळी वाऱ्यात ती खाली कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही.

डासांची भीती खोटी नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. म्हणून कुंड्यांखाली बशा ठेवूच नका, उघडी पिंपं नकोत, आणि आठवड्यातला एक दिवस सगळी भांडी पालथी घालून कोरडी करायचा. हा वार सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवा. लोकांना तोंडी आश्वासनापेक्षा फळ्यावरचा वार पटतो.

आता तुमचा मुलगा. त्याच्याशी भाजीच्या भावावर वाद घालू नका, तो जिंकेल. दहा क्रेट नीट चालली तर आठवड्याला तीन-चार जुड्या पालेभाजी निघेल, त्याहून जास्त मी कबूल करणार नाही. अठ्ठेचाळीस घरांचं पोट त्यावर भरणार नाही. पण वीस रुपयांच्या त्या जुडीचा प्रवास त्याला सांगा. नाशिककडून, पुण्याकडून रात्री निघालेली मेथी पहाटे वाशीच्या बाजारात उतरते, तिथून टेम्पोने मुलुंडला, मग हातगाडीवर, दिवसभर पाणी मारून मारून ताजी दिसते. गच्चीवरची मेथी खुडल्यापासून कढईत पडेपर्यंत दहा मिनिटं लागतात. हे सांगूनही पटलं नाही तर राहू द्या. घरातल्याच डब्यातले मूठभर मेथीचे दाणे रात्री भिजवा, सकाळी खिडकीतल्या एका टोपलीत पेरा, पंचवीस-तीस दिवसांनी त्याच्या पानात भाजी वाढा. तुम्ही त्याची आई आहात, कुठला युक्तिवाद त्याच्या पोटात उतरतो ते मी तुम्हाला काय सांगू?

सूनबाईंना मात्र गृहीत धरू नका. त्या गप्प आहेत याचा अर्थ बागेचं काम आपल्याच अंगावर येईल ही धास्तीही असू शकते. त्यांना थेट विचारा, "तुझ्याकडून आठवड्याला किती वेळ? शून्य असेल तरी चालेल." एवढं ऐकलं तरी त्या मोकळ्या होतील.

वेड आहे का, असं तुम्ही विचारलंत. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात २९१ माणसांवर एक पाहणी झाली, २०२३ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सामाईक बागेत वाफा दिला, निम्म्यांना पुढच्या वर्षीपर्यंत थांबवलं. बागेतल्या माणसांच्या जेवणात तंतुमय पदार्थ रोज साधारण १.४ ग्रॅमने वाढले आणि मनावरचा ताण, काळजी कमी झाली. आकडा छोटा आहे, पण ही मंडळी आधीची बागवान नव्हती, चिठ्ठी टाकून निवडली होती. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तुमच्याच पत्रातलं एक वाक्य. तुम्ही लिहिलंय, "तीन वर्षं झाली, पण शेजारच्या दारातल्या मुलीचं नाव मला बादल्यांमुळे कळलं." ती पुदिना मागायला आली होती. बिऱ्हाड बदललेल्या माणसाला शेजार मिळणं हा उपयोग नव्हे तर काय? गावी दुपारी चार बायका पडवीत बसायच्या, त्याला कुणी वेड म्हटलं नाही.

तुमची एक समजूत मात्र मला पुसायची आहे. तुम्ही लिहिता, "सगळ्यांनी मिळून केलं तर काम काहीच नाही." ताई, सगळे मिळून करत नाहीत. पहिल्या रविवारी पंधरा जण येतील, फोटो निघतील. तिसऱ्या महिन्यात तीन उरतील. हे अपयश नव्हे, जवळपास प्रत्येक सामाईक बागेचं असंच होतं. म्हणून तिघांना झेपेल एवढंच सुरू करा. दहा क्रेट, त्यातली तीन खताची. ज्याला यायला जमत नाही त्याने नुसता चिरलेला कचरा आणून दिला तरी तो बागेतलाच. कापणी मात्र ठरलेल्या वारी, सगळ्यांसमोर, आणि वाटा कष्टाप्रमाणे की घरटी ते आधीच ठरवा. बागा पाण्यावाचून कमी मरतात, टोमॅटो कुणी तोडला यावरून जास्त मरतात.

घरचं म्हणजे आपोआप विषमुक्त, असंही बोलू नका. रंगाच्या जुन्या डब्यांत खायची भाजी लावू नये. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला वर्षानुवर्षं पालक, माठ पिकत आला, तीही शहरातलीच शेती, पण तिथे नाल्याचं पाणी वापरलं जायचं म्हणून लोक बिचकायचे. पालेभाजी पाण्यातलं आणि मातीतलं बरंवाईट दोन्ही उचलते. हे ज्या वाचकांकडे गच्ची नाही, आवारातली पट्टी आहे, त्यांनी विशेष ध्यानात ठेवावं. जिथे गाड्यांचं तेल सांडत आलंय किंवा जुनं बांधकाम पुरलंय, तिथे जमिनीत न लावता क्रेटमध्येच लावावं. आणि ज्यांच्या सोसायटीचं आवार ५,००० चौरस मीटरच्या वर होतं त्यांना आणखी एक आधार होता: २०१६च्या घनकचरा नियमांनी अशा सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. पुण्यात गांडूळखतासारखा प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना महापालिका मालमत्ता करात सवलतही देते. तुमची इमारत लहान आहे, तुम्हाला हे कदाचित लागू होणार नाही, तुम्हाला माणसांनाच पटवावं लागेल.

त्यासाठी हा पावसाळा वाया घालवू नका. आत्ता वर काहीच नेऊ नका. वहिनींकडे जा, बागेचा विषय न काढता. छत दाखवा म्हणा. ओल कुठून कुठवर आली ते पाहा, तारीख घालून फोटो काढायला मुलाला किंवा सुनेला बरोबर न्या. मग मुलाच्या सहीने सोसायटीला एकच पत्र द्या, त्यात मागणी पहिली: गच्चीची दुरुस्ती. दुसरी: दुरुस्तीनंतर एक वर्षासाठी दहा क्रेट ठेवायची परवानगी, खर्च बाग करणाऱ्यांचा, जबाबदार तिघांची नावं खाली, आणि ओल दिसली तर आठ दिवसांत सगळं उतरवू असं लेखी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तेव्हा विषयपत्रिका निघण्याआधी, ऑगस्टमध्येच, पत्र पोचू द्या. सभेत नकार मिळाला तर जिन्याऐवजी आपापल्या खिडक्यांत वर्ष काढा आणि पुढच्या सभेत पुन्हा मांडा.

होकार मिळाला तर नवरात्राच्या सुमारास सुरुवात करा. पाऊस ओसरलेला असतो, थंडीची चाहूल पालेभाजीला मानवते. आणि घटाच्या मातीत धान्य पेरायला त्या इमारतीतल्या कितीतरी बायकांना शिकवावं लागणार नाही, दर वर्षी त्या पेरतातच. आधी मेथी, लाल माठ, पालक. महिन्याभरात हाताला यश आलं की मग मिरची, वांगी. मावा पडला तर घाबरू नका, निमतेलाचं पाणी दर आठवड्याला फवारा आणि जास्त लागलेलं रोप सरळ उपटा.

राहिली गच्चीची किल्ली. ती तुम्ही मागू नका, वॉचमनकडेही नको. सभेत मुलाला सांगायला सांगा की किल्ली सातव्या मजल्यावर वहिनींकडे असावी. सकाळी पाणी घालायला जाणाऱ्याने त्यांची बेल वाजवायची, उतरताना परत द्यायची, आणि त्यांच्या छताला काय म्हणतंय ते विचारायचं. पहिली जुडीही तिथेच द्या.

तुमची,
सदरलेखिका